न विचारलेला प्रश्न

४ एप्रिल
आजपासून कानाझावाच्या इस्पितळात नोकरी. बाहेर साकुरा, चेरीचा बहर, फुललाय, म्हणजे नशीब चक्क माझ्यावर खूश. ज्यांच्या अंगातला विषाणू जाता जात नाही, त्यांच्यासाठी आमच्या प्रयोगशाळेत निरोगी नातेवाइकांच्या लढाऊ रक्तपेशी वाढवतात. वरिष्ठ कुरामोची सान बोलतात कमी, बघतात जास्त. रिवाजाप्रमाणे सरावासाठी नवख्याचं म्हणजे माझंच रक्त काढलं.

१६ मे
नागिसा नावाच्या शाळकरी मुलीला वर्षानुवर्षं ताप येतो. तिच्या भावाच्या पेशी तयार आहेत. शेजारीच माझ्या रक्तातून सरावासाठी वाढवलेल्या पेशींची बाटली. भावाची डावी की उजवी? सकाळी एकदा विचारून झालं होतं, आणि मी विसरले. दुसऱ्यांदा विचारलं असतं तर कुरामोची सान काही बोलले नसते, त्यांनी नुसतं बघितलं असतं. मी अंदाजाने उजवी दिली.

२० मे
पेशी नागिसाला चढवून झाल्या. उरलेली डावी बाटली धुवायला घेतली, तर तळाशी भावाचं नाव.
सांगायला हवं होतं. लाजेने जीभ रेटेना.

३ जून
ताप उतरला. तिची आई मिठाई घेऊन आली, माझ्यापुढे कमरेत वाकली. मला धरणी दुभंगावी असं वाटलं. नागिसा म्हणाली, ताई, गंमत बघा ना, मी आता डाव्या हाताने लिहायला लागलेय.
मी डावखुरी आहे.

९ जून
तिचे तळवे सोलून निघतायत. माझ्या पेशींना तिचं अंग परकं वाटतं. डॉक्टर म्हणतात, विषाणू उलटला, त्याच बाटलीतला दुसरा डोस देऊ. आता सांगितलं तर औषधाने माझ्या पेशी मारता येतील. मुलगी वाचेल.
नर्स म्हणाली, ती झोपेत कुणा तोफूला हाका मारते. माझी मांजर. मी लहान असतानाच मेलेली—

११ जून
दुसऱ्या डोसची पिशवी टांगली. सगळे जमले. मी सांगायला तोंड उघडलं.
नागिसा बोलली. माझ्या आवाजात. माझ्या गावच्या हेलात. माफ करा, माझ्यामुळेच झालं हे सगळं.
आई म्हणाली, अगं वेडे, आजारी पडलीस म्हणून कुणी माफी मागतं का?
सगळे हसले. ती एकटी माझ्याकडे बघत राहिली.
ठिबक सुरू झालं. मीही हसले.