पंचावन्नच्या वेगाला रडणारा ट्रक

तीर्थरूप सासरेबुवा ऑरिन यांस,

रिव्हर्टनहून जावई लाइलचा नमस्कार. तुमचा गुडघा, तुमची गुरं आणि तुमचं माझ्याबद्दलचं मत, तिन्ही आहे तिथंच असतील असं धरून चालतो. इकडे वारा सुटलाय. मी बरा आहे (तुमच्या लेकीनं, वेल्डानं विचारलंच तर खोकतोय म्हणून सांगा).

पत्रास कारण, ट्रक. मोठी चाकं घातल्यापासून तो खिंडीच्या चढावर म्हाताऱ्या बैलासारखा धापा टाकायचा, म्हणून तुम्ही तुमच्या कोठारात त्याच्या मागच्या आसाचे गिअर बदलून दिलेत. दोन दिवस माझं काम एवढंच, की पाने हातात द्यायचे आणि तोंड मिटून उभं राहायचं. गिअरचे दात नीट जुळतात का म्हणून त्यांच्यावर पिवळा रंग फासून तो कुठे पुसला जातो ते तुम्ही सतरा वेळा बघितलंत आणि म्हणालात, "आता हा तुझ्या नातवंडांपर्यंत चूं करणार नाही." खरंय. चूं करत नाही. पंचावन्न मैलांच्या वेगाला गळा काढून रडतो.

आता डिफरन्शियलचा, म्हणजे त्या मागच्या गिअरपेटीचा, आवाज शोधायचा तर एकानं चालवायचं आणि दुसऱ्यानं ऐकायचं. मी वेल्डाला मागच्या हौद्यात आडवं केलं. बागेच्या नळीचं एक टोक आसाजवळ बांधलं, दुसरं तिच्या कानाला. असे तीन रविवार (चर्च आटोपल्यावरच, देवाचं आधी, हे तुम्हीच शिकवलंत). ती म्हणायची, "पाय दाबलास की ओरडतो, सोडलास की गप्प. बाबांनी बसवलेलं क्राऊन-पिनियन, तेच गिअर उघडून बघ." मी म्हणायचो, तुला काय कळतं त्यातलं, आणि चाकांची बेअरिंगं बदलायचो. मग शाफ्टचे क्रॉस बदलले. मग टायर फिरवून लावले. आवाज जसाच्या तसा. तिसऱ्या रविवारी ती हौद्यातून उतरली, केसांतलं गवत झटकलं, म्हणाली, "गाडीचं रडणं ऐकायला तुला नळी लागते. माझं ऐकायला काय लावू?" आणि आपली गाडी घेऊन तुमच्याकडे आली.

तेव्हापासून मी डब्यातलं चिलीचं कालवण खातोय आणि तुम्ही फोनवर "ती गोठ्यात आहे" एवढंच सांगता. बावीस दिवस कुठली बाई गोठ्यात असते? स्पष्टच लिहितो, माझा राग तुमच्यावर आहे. नाव मोठं, पण गिअर चुकीचे बसवलेत आणि त्यापायी माझा संसार मोडायला आला. फुकटच्या कामाला नावं ठेवायची नाहीत, ही आपल्याकडची रीत. मजुरी म्हणून फक्त बिअरचं एक खोकं घेऊन तुम्ही माझं तोंड बांधून टाकलंत.

तुमचा (अजून तरी) जावई,
लाइल

ता. क. काल झाकण उघडलं. तेल काळं, जळका वास, क्राऊनचे दात निळे पडलेत. रोग वेल्डानं सांगितला तिथंच निघाला.

आणखी एक ता. क. तुम्ही बजावलं होतंत, की पहिले पाचशे मैल हळू, दर वीस मैलांवर थांबून नवे गिअर निवू द्यायचे, मागे काही ओढायचं नाही. मी दुसऱ्याच दिवशी घोड्यांचा ट्रेलर लावला आणि गाडीचा जोर बघायला न थांबता खिंड चढलो. गिअर तुम्ही बरोबरच बसवले होते, जाळले मी. वेल्डा माझ्या बाजूला बसून "थांब, थांब" म्हणत होती. तिनं तुम्हाला हे सांगितलं असतं तर एव्हाना तुम्ही बंदूक घेऊन माझ्या दारात उभे असता. म्हणजे सांगितलेलं नाही. मी तिला इतकं बोललो, तरी तिनं माझी लाज राखली. मला हवं तेवढं बोला, पण तिला एवढं विचारा, शनिवारी न्यायला आलो तर येशील का? ट्रक आहे तसाच आणतो. चार मैलांवरून ऐकू येईल. दार उघडायचं की आतून कडी लावायची, हे ठरवायला तिला पुरेसा वेळ मिळेल.