एकटेच बोलतात

श्रीरामपूर, मंगळवार, १८ नोव्हेंबर

कोर्टातून आले, तशीच बसले आहे. दिरांचं म्हणणं, ह्यांनी जाण्याआधी घर माझ्या नावे केलं तेव्हा ह्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं. ह्यांना कधी न पाहिलेल्या डॉक्टरांनी आज साक्षीत भ्रमाचा आजार सांगितला. आधार काय? दवाखान्याच्या कागदावरची एक ओळ : ‘एकटेच बोलतात.’

मी नर्सबाईंना सांगितलं होतं, “पहाटे प्रभूशी बोलतात.” लिहिताना प्रभू गळला. खाली सही माझी. एरवी पुडीचा कागदही वाचते मी, तोच कसा नाही वाचला?

कोर्टाबाहेर दीर म्हणाले, “वैनी, दादा भिंतीशी बोलायचा. लई वेळा ऐकलंय मी.”

“व्हय. तुमच्यासाठीच प्रार्थना करायचे, नाव घेऊन.”



एकटेच बोलतात. पुढच्या तारखेला माझी साक्ष. लिहून घेतील ते वाचल्याशिवाय सही करणार नाही.