रिंगस्टॅडच्या कोपऱ्यात एक माणूस कमी

हॅल्वर, आयोवा
कॉकसनंतरचा बुधवार

प्रिय अर्लिसताईस,

बोटं गारठून आखडलेली असतानाही पेन धरून बसलेल्या तुझ्या धाकट्या बहिणीचा, मर्नाचा, मनापासून नमस्कार. ऑर्डेल भावजींनाही सांग. इकडे आम्ही दोघं बरे आहोत, डुकरं बरी आहेत, आणि तुमच्या इथल्या बंद घराचे नळ अजून थंडीने फुटलेले नाहीत (हार्लन रोज जाऊन बघून येतो; काय बघतो ते सांगत नाही, पण तू त्याला ओळखतेस).

तुझी तब्येत कशी आहे? आणि हे मी रीत म्हणून विचारत नाहीये, ताई. नीट आठवून सांग. ते पित्ताशय पुन्हा काही कुरकुर करतंय का? छातीत धडधड? चक्कर? ऍरिझोनाच्या हवेत खूप बरं वाटतं असं तू दर पत्रात लिहितेस, पण बरं वाटणं पुष्कळदा वरवरचं असतं. जरासुद्धा काही असलं तर अंगावर काढू नकोस, सरळ अंथरूण धर. घरातलं बघायला भावजी आहेत की.

आता निवडणूक. तू तिकडे टीव्हीवर जे बघतेस ते सगळं विसर. अध्यक्ष कोण व्हावा हे टीव्हीवाल्यांना काय कळणार? त्यासाठी उमेदवार आपल्या स्वयंपाकघरात उभा राहिलेला बघावा लागतो. गव्हर्नर रिंगस्टॅड आमच्याकडे आले होते, शरदात. मिनेसोटाचा माणूस, म्हणजे जवळजवळ आपलाच. आले ते बूट दारात काढून, मोजे भोकाचे. चिलीच्या तिखट मांसरश्श्यात दालचिनीचा गोड रोल आपल्यासारखाच बुडवून उभ्या उभ्या खाल्ला, आणखी मागितला. (मला ते दोनदा 'मार्था' म्हणाले. ज्याच्या डोक्यावर अख्ख्या देशाची काळजी आहे त्याने माझं नाव कुठे लक्षात ठेवायचं?) आणि तो सिनेटर कॉलिअर! बुटाला चिखल नाही. गुरांच्या बाजारात आला आणि बुटाला चिखल नाही, म्हणजे चालला तरी कुठून? ल्यूएला क्विस्टच्या घरी त्याने दालचिनीचा रोल काट्यासुरीने कापून खाल्ला, आणि चिली वेगळी. हे मी स्वतः पाहिलं नाही, पण ज्यांनी पाहिलं त्यांना अजून बोलवत नाही. भाषण कागदावरून वाचून. असला माणूस रशियासमोर काय बसणार? तिथेही कागदच शोधत बसेल.

तर रिंगस्टॅड यांनी जाताना माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, हॅल्वरचं काय? मी म्हटलं, साहेब, हॅल्वर तुमच्या खिशात आहे असं समजा. शब्द दिला ग मी. त्यांनी तिथल्या तिथे मला आमच्या गावची प्रमुख नेमलं, गळ्यात बिल्ला घातला. त्या दिवसापासून मी घरात टिकले नाही. बर्फात दारोदार फिरले. ज्यांची दारं उघडली नाहीत त्यांच्या खिडकीतून बोलले. हार्लनला मात्र काही विचारायचा प्रश्नच नव्हता. आपल्या नवऱ्याचं मत काय विचारायचं? चव्वेचाळीस वर्षं एका ताटात जेवतोय. मी त्याचं नाव यादीत सर्वात वर लिहून टाकलं, माझ्याही वर.

तू पूर्वी कधी कॉकसला, पक्षाचा उमेदवार ठरवायच्या या गावसभेला, आली नाहीस (दर वेळी तुझं डोकं दुखायचं, म्हणजे तुला ती सवय आहेच), म्हणून सांगते. चिठ्ठीबिठ्ठी काही नसते. शाळेच्या बास्केटबॉलच्या बंदिस्त मैदानात जमायचं आणि ज्याला जो उमेदवार हवा त्याच्या कोपऱ्यात सगळ्या गावादेखत जाऊन उभं राहायचं. मोजणीत ज्या कोपऱ्यात पुरेशी माणसं नाहीत तो मोडायला आला असं समजायचं. मग अर्धा तास देतात. त्यात इकडची माणसं तिकडे ओढायची, खायला घालायचं, जुन्या उपकारांची आठवण करून द्यायची. अर्धा तास झाला की बॉयसन मास्तर शिट्टी वाजवतात आणि ज्याचे पाय जिथे, तो तिथला. त्यानंतर हलायचं नाही; फक्त कोपरा मोडला तर त्यातल्यांनी दुसरीकडे जायचं. हा हलायचं नाहीचा नियम पूर्वी कोणी फारसा पाळत नव्हतं. गेल्या खेपेला मीच भांडून पाळायला लावला, कारण ल्यूएलाची जाऊ शिट्टीनंतर हळूच सरकत होती.

मी मुद्दाम लवकर गेले आणि दाराजवळचा कोपरा धरला. डावपेच बघ, येणारा प्रत्येक माणूस आधी आपल्यालाच दिसणार. दिसलेही सगळे. आले, माझ्याशी हात मिळवला, माझा एकेक रोल उचलला आणि पुढे गेले. कारण दर खेपेला दार उघडलं की बाहेरचा वारा थेट आमच्या मानेवर, आणि ल्यूएलाने कॉलिअरसाठी धरलेला कोपरा हीटरला लागून. ताई, देशाचं भवितव्य हीटरवर ठरतंय! मी ओरडून सांगितलं की अध्यक्ष व्हायचा माणूस निवडताय का कुल्ले शेकायची जागा? तर ओलाफ थोरसन म्हणतो, "मर्ना, आज दोन्ही जमलं तर बघतोय." जे कुंपणावर होते ते सगळे तिकडे गेले. तिथे खजुराच्या वड्याही होत्या. वड्या बऱ्या असतात ल्यूएलाच्या, पण पाक कच्चा.

आणि मग हार्लन आला. गाडी लावून, टोपी झटकून, सावकाश. मी त्याच्यासाठी माझ्या शेजारी खुर्ची राखून ठेवली होती, तिच्यावर माझा कोट. त्याने माझ्याकडे बघून मान हलवली (तीच मान, जी तो पोस्टमनला हलवतो) आणि सरळ चालत गेला, मैदान ओलांडून, हीटरकडे. मला वाटलं हात शेकतोय. शेकून झाले तरी तिथेच. ल्यूएलाने त्याच्या छातीला कॉलिअरचा बिल्ला लावला आणि त्याने लावू दिला. अख्खं गाव आधी त्याच्याकडे बघे, मग माझ्याकडे. मी रोल वाटत राहिले.

मोजणी झाली. बॉयसन मास्तरांनी चष्मा पुसून जाहीर केलं की रिंगस्टॅडच्या कोपऱ्यात एक माणूस कमी. फक्त एक. ज्या गावाचा मी शब्द दिला होता त्या गावात आमचा कोपरासुद्धा उभा राहीना, आणि कमी पडणारं माणूस कोण, हे त्या मैदानात प्रत्येकाला ठाऊक होतं. आमच्या कोपऱ्यातले सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, मी जाणार नाही, त्याला हजार वेळा गरज असेल तर येईल. इतर सगळ्यांना पाठवून पाहिलं. रोलची परात पाठवली. हार्लनने रोल घेतला, थँक्यू म्हणाला, तिथेच खाल्ला. अर्धा तास संपत आला तेव्हा मात्र मी उठले. शब्द दिला होता मी, ताई. मान खाली घालून ते मैदान ओलांडलं.

जाऊन म्हटलं, "हार्लन, लाज आणलीस. इतकं होतं तर घरी का नाही बोललास?"

तर तो म्हणाला, "तू विचारलं नाहीस."

"आणि हिने विचारलं वाटतं?"

"विचारलं. शेडमध्ये आली, बादली उलटी करून बसली आणि विचारलं."

ल्यूएला वड्यांकडे बघत होती. मी म्हटलं, बरं बाबा, आता विचारते, काय असं आहे त्या कॉलिअरमध्ये? मग आमच्या हार्लनने, जो जेवताना मीठसुद्धा बोटाने मागतो, त्याने तोंड उघडलं. म्हणाला की कॉलिअर एकटाच म्हणाला की गावातली छोटी इस्पितळं बंद पडू देणार नाही. कागदावरून वाचलं, पण म्हणाला. "मागच्या हिवाळ्यात तुझ्या छातीत दुखलं, मर्ना. आपलं इस्पितळ बंद झालेलं. मी तुला घेऊन बर्फातून मेसन सिटीच्या इस्पितळापर्यंत गेलो. तू अर्ध्या वाटेपर्यंत बोलत होतीस, आणि मग गप्प झालीस. तू कधी गप्प होत नाहीस." एवढंच बोलला आणि टोपी फिरवत बसला.

मला ती वाट आठवते. मला वाटलं होतं, हा रेडिओवर डुकरांचे भाव ऐकतोय. मी, मर्ना टोलेफ्सन, तोंड उघडं टाकून उभी. त्याचा हात धरला. रडले थोडी, लपवून काय करू. हार्लनने रुमाल दिला, वंगणाचा. नाक पुसत होते तेवढ्यात शिट्टी वाजली.

मी पळाले नाही असं नाही. एक पाय उचललाच होता. पण ल्यूएला इतक्या गोड आवाजात म्हणाली, "मर्ना, ज्याचे पाय जिथे," की मला तो खाली ठेवावा लागला. मोजली मला. कॉलिअरच्या कोपऱ्यात, गळ्यात रिंगस्टॅडचा बिल्ला, हातात रिकामी परात. आमचा कोपरा मोडला आणि त्यातले सगळे गारठलेले जीव आनंदाने हीटरकडे आले.

पण तू चिंता करू नकोस. मी शांतपणे विचार केला तेव्हा लक्षात आलं की हा रिंगस्टॅड यांचा पराभव नाहीच. दार जर हीटरच्या बाजूला असतं तर हॅल्वर त्यांचंच होतं, आणि हे मी त्यांच्या कार्यालयाला कळवणार आहे. तुम्ही दोघं वसंतात या, तोवर रस्ते मोकळे होतील.

तुझीच,
मर्ना

ता. क. तुझी मोठी भाजायची परात मी तुमच्या तळघरातून घेतली आहे. कॉलिअरच्या लोकांचं जिल्हा संमेलन मार्चमध्ये आहे आणि आपल्या गावातर्फे जायला कोणीच हात वर करेना, म्हणून मी केला. त्या माणसांना कोणीतरी चिलीत रोल बुडवायला शिकवलंच पाहिजे.

ता. क. दुसरा, आणि हा नीट वाच. रिंगस्टॅड यांच्या कार्यालयातून काल फोन आला की आमची प्रमुख कॉलिअरकडे कशी मोजली गेली? मी काय सांगणार? मी म्हटलं, ऐन वेळी माझी ऍरिझोनातली बहीण फार आजारी असल्याचा निरोप आला, मला भान राहिलं नाही, कुठे उभी आहे ते कळलं नाही. यात खोटं फक्त तुझ्यापुरतं आहे. पण गव्हर्नर साहेब मनाचे इतके मोठे की ते स्वतः तुला फोन करून विचारपूस करणार आहेत. तेव्हा ताई, पुढच्या आठवड्यात फोन वाजला की भावजींना घेऊ दे, तू आतून कण्ह. पित्ताशय म्हण, ते ऐकायला बरं वाटतं. एवढं माझ्यासाठी कर. आणि त्यांनी मला मार्था म्हटलं तर दुरुस्त करू नकोस.

ता. क. (हार्लनच्या हातचा) अर्लिसताई, मर्ना पाकीट चिकटवायला डिंक शोधत तळघरात गेली आहे. आत्ताच तुमचा नंबर विचारायला गव्हर्नरांचा फोन इथेच आला. मी म्हटलं, बहीण ठणठणीत आहे, बायको माझ्याशी बोलायला आली होती. ते हसले. मग म्हणाले, तुम्हाला स्वतःला काय वाटतं, टोलेफ्सन? मी इस्पितळाचं सांगितलं. मध्ये एकदाही बोलले नाहीत, सगळं ऐकून घेतलं. माणूस चांगला आहे. शरदात घरी आले होते तेव्हा मला शेडमधून बोलावलं असतं तर परवा त्यांच्याच कोपऱ्यात उभा राहिलो असतो. मर्नाला मी हे सांगेन, तिने विचारलं की. तुम्ही बऱ्या झालात तरी चालेल.