उलटी लव

रविवार, ११ फेब्रुवारी
दुपार

ति. ताई,

नमस्कार. तू पाठवलेलं खोकं मंगळवारी पोचलं. अप्पांची कात्री तू टॉवेलात गुंडाळून वर एवढी चिकटपट्टी मारली होतीस, की ती सोडवायला मला दुसरी कात्री घ्यावी लागली. भावजींचा गुडघा कसा आहे? जिने चढू नका म्हणावं. ऐकणार नाहीत म्हणा. इकडे सगळं ठीक. वरच्या मजल्यावर नवीन बिऱ्हाड आलंय, त्यांच्यातलं कुणीतरी दिवसभर खुर्च्या ओढत असतं. एवढ्या खुर्च्या घरात असतात तरी कशाला, देव जाणे.

टॉवेलातली तुझी चिठ्ठी वाचली. 'मी त्यांच्या हातातून ही काढून घेतली आणि सात महिन्यांत ते गेले. ते पाप माझं. तू तरी त्यांचा हात पुढे चालव.' चार दिवस चिठ्ठी उशीखाली ठेवली होती. तिच्याबद्दल लिहिते, पण आधी इकडची बातमी.

कारखान्यात अप्पांच्या जागेवर आलेले कटिंगमास्तर सोडून गेले. मालकीणबाईंनी मला बोलावून सांगितलं, आता टेबल तुझं. तेच टेबल गं, अप्पांनी कडेला खाचा पाडून माप केलेलं. मी हो म्हटलं, आणि दुसऱ्या दिवसापासून माझा उजवा हात थरथरायला लागला. दुसऱ्याने आखून दिलेलं कापड मी डोळे मिटून कापते. पण आखणी माझी असली की झालं. परवा एक साधा शर्ट बेतायला घेतला. सात वेळा मोजला. कापड तेच, टेप तीच, आणि सातही वेळा माझा माझ्यावर विश्वास बसला नाही. डॉक्टर म्हणाले, हात उत्तम आहे. मी विचारलं, मग थरथरतोय तो कुणाचा?

काज-बटणाला बसणाऱ्या बाई तुला आठवतात का? आम्ही त्यांना गुंडीबाई म्हणतो. तोंड मशीनपेक्षा जोरात चालतं, पण मन सोन्याचं. नवरा गेल्यावर त्यांना गर्दीत जाता येईना, तेव्हा कुणीतरी त्यांना बोटांनी ठोकायची एक रीत शिकवली होती. ती त्यांनी मला शिकवली. तळहाताची कड दुसऱ्या हाताच्या बोटांनी ठोकत राहायचं आणि जी गोष्ट खुपते ती एका वाक्यात तीनदा म्हणायची. मग भुवईचं टोक, डोळ्याची कड, डोळ्याखाली, नाकाखाली, हनुवटी, गळ्याखालचं हाड, काखेखाली आणि शेवटी टाळू. हलक्या हाताने, ओळीने. आधी आणि नंतर स्वतःलाच विचारायचं, दहापैकी किती त्रास होतोय. मला हसू फुटलं. त्या म्हणाल्या, हसून घे, मग बस.

त्यांनी मला वाक्य दिलं ते असं: 'मला कापडाला कात्री लावायची भीती वाटते, तरी मी मला टाकणार नाही.' जेवणाच्या सुट्टीत गुंड्यांच्या डब्यांमागे आम्ही दोघी आपापली तोंडं ठोकत बसायचो. इस्त्रीवाल्याने पाहिलं आणि आम्हाला डास चावतात असं समजून धूर करून गेला. दोन आठवडे इमानेइतबारे केलं. नऊचा आकडा काही हलेना. शुक्रवारी गुंडीबाई माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आकडा हलत नाही ना, तेव्हा वाक्य खोटं असतं. माझंही होतं. तू खरं वाक्य घाल. मला सांगू नकोस हवं तर, पण घाल."

डोकं दुखतंय म्हणून मी घरी निघून आले.

ताई, नाटकवाल्यांचे ते तीस कोट. गडद लाल मखमलीचे. तुला फक्त एवढंच माहीत आहे की अप्पांच्या हातून ते बिघडले. मखमलीला लव असते. एका बाजूने हात फिरवला की मऊ लागते, दुसऱ्या बाजूने अडखळते. म्हणून सगळे तुकडे एकाच दिशेने बेतायचे असतात. एकही उलटा गेला तर शिवल्यावर उजेडात त्याचा रंग वेगळा दिसतो. अप्पांनी सकाळी सगळे कागदी साचे नीट मांडून ठेवले आणि ते डोळे तपासायला गेले. ते नसताना मी बाह्यांचे साचे उलटे फिरवून बसवले. दोन मीटर कापड वाचत होतं. अप्पांनी परत येऊन कापलं की मग सांगायचं, चकित करायचं, शाबासकी घ्यायची, एवढंच डोक्यात होतं. लव असते हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. त्या तासाला आठवलं नाही. नव्या खडूने आखून सुद्धा ठेवलं.

डोळ्यांत औषध घातलेलं, म्हणून अप्पांना संध्याकाळी सगळं धुरकट दिसत होतं. आपणच मांडलंय या भरवशावर त्यांनी कापलं. कोट शिवून खिडकीशी टांगले तेव्हा अंग लाल आणि बाह्या काळपट. अप्पा एकेका बाहीवरून हात फिरवत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मीच मांडलं होतं ना गं हे?"

मी हो म्हटलं.

नुसती गप्प बसले असते तर तोंडात मिठाची गुळणी धरली होती, असं म्हणता आलं असतं. मी बोलले. हो, अप्पा, तुम्हीच.

पुढच्या आठवड्यात तू आलीस. आता पुरे, डोळे गेलेत, उद्या बोट कापून घ्याल, असं म्हणालीस आणि कात्री घेऊन गेलीस. तू जे समोर दिसत होतं त्यावर बोललीस. दिसत होतं ते मी घडवलेलं होतं.

नंतरचं तुला कुणी सांगितलेलं नाही. अप्पा गॅस बंद केलाय का ते तीनदा बघायचे. सदऱ्याची बटणं लावून मला विचारायचे, नीट लागलीत ना. एकदा त्यांनी माझ्याकडे मखमलीचा तुकडा मागितला. डोळे मिटून तळहात फिरवला आणि लगेच म्हणाले, लव खाली जाते. बरोबर होतं, ताई. हात जराही गेलेला नव्हता. मग ते थांबले. "नाही, वर जाते. तूच सांग, माझं काही खरं नाही." मी म्हटलं, आधीचं बरोबर होतं, अप्पा. त्यावर ते हसले. "माझं मन राखतेस."

त्यांच्याशी मी इतकं खरं आधी कधी बोलले नव्हते, आणि तेवढ्यावरच त्यांचा विश्वास बसला नाही. तेव्हाही कोटांचं सांगता आलं असतं. मी तुकडा घडी करून ठेवून दिला. पुढे तीन महिन्यांनी ते गेले. चाळीस वर्षं ज्या हातावर आपल्या सगळ्यांचं घर चाललं, तो हात आपला राहिला नाही असं समजून गेले.

आज सकाळी दार लावून बसले आणि खरं वाक्य घातलं. 'बाह्या मी उलट्या मांडल्या आणि अप्पांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले.' तीनदा म्हटलं. आकडा हलला, नवाचा दहा झाला. भुवईपासून टाळूपर्यंत ठोकत रडले. परत केलं, परत रडले. तिसऱ्या वेळी सात झाला. 'तरी मी मला टाकणार नाही' हा पुढचा भाग मात्र अजून तोंडातून निघालेला नाही. तिथे आलं की बोटंच थांबतात. गुंडीबाई म्हणतील घाई करू नकोस. मला घाई नाही. मला तो भाग म्हणायचा हक्क आहे का, तेच कळत नाही.

अक्षर बघ, थरथरलेलं नाही.

उद्या सकाळी कामाला बसायच्या आधी मालकीणबाईंना हे सगळं सांगणार आहे. त्यानंतर टेबल माझं राहील की नाही ते त्यांनी ठरवायचं. पण तीस कोट अप्पांनी बिघडवले नव्हते, हे त्या कारखान्यात मोठ्याने बोललं जाईल. आणि ताई, तुझ्या चिठ्ठीतलं ते पाप तुझं नाही. गेली अडीच वर्षं तू दुसऱ्याचं ओझं वाहतेयस आणि मी ते बघत बसले. एवढं तरी आता खाली ठेव.

कात्री परत टॉवेलात गुंडाळून ठेवली आहे, तिने काही कापलेलं नाही. मागितलीस तर तशीच पाठवीन.

भावजींना नमस्कार सांग. खाली नेहमीसारखं 'तुझी' लिहिलंय. तो शब्द ठेवायचा की खोडायचा, ते तू ठरव.

तुझी
धाकटी