तेरा पौंडांचा गॅलन

बिकफर्ड हिल, क्वेबेक
६ एप्रिल १९७४, शनिवार

चि. थर्झा,

थोरल्या भावाचे आशीर्वाद. तुझं पत्र मंगळवारी पोचलं. इकडं सगळं ठीक. रस्त्यात गुडघाभर चिखल आहे. टपालवाल्याची गाडी परवा आपल्याच उतारावर रुतली, तेव्हा हे पत्र तुला कधी मिळेल ते तोच जाणे. माझा गुडघा बरा आहे. म्हणजे दुखतो, पण आता ओळखीचा झालाय.

ईस्टर झाला की वेंडेल तुला हार्टफर्डला न्यायला येणार, हे वाचलं. छान झालं. तुझा एझ्रा गेल्यावर तिकडं अमेरिकेत त्या डोंगरावर तू एकटीनं हिवाळे काढलेस, ते पुष्कळ झाले. मुलगा आपणहून बोलावतोय, वेगळी खोली देतोय, सूनही मायाळू दिसते. घर सहाव्या मजल्यावर असेना का, लिफ्ट आहे म्हणतेस. 'दादा, तुला काय वाटतं?' असं विचारलंस म्हणून लिहितोय. मला काही वाटत नाही. तू सुखात असलीस म्हणजे झालं.

यंदा मेपलच्या झाडांना रस उशिरा सुटला, पण सुटला तो भरभरून. शेजारचा रेजां ट्रॅक्टरवरून बादल्या गोळा करतो, मी भट्टीपाशी रस आटवत बसतो. पळी उचलली की पाक थेंब थेंब न गळता पदरासारखा सरकला पाहिजे, हे आईनं शिकवलेलं. पण तो पदर आता माझ्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणून मी वजनावर विसंबतो. गॅलनचा डबा भरायचा, काट्यावर ठेवायचा, तेरा पौंड आणि वर थोडं भरलं की पाक झाला. या खेपेला एकदाही फसलो नाही.

आता पाकाचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो. मंगळवारी भट्टीपाशी मी रेजांला तुझं पत्र वाचून दाखवत होतो. त्यात तू लिहिलंयस, 'पाक यंदा छान उतरला, गॅलनला तेरा पौंडांच्या जरा वर.' मी चष्मा पुसला. पुन्हा वाचलं.

"रेजां, हिनं कढई जाळली रे!"

"ती कशी?"

"अरे, पौंड दोन्हीकडं एकच, पण अमेरिकेतला गॅलन आपल्यापेक्षा लहान. तिथं अकरा पौंडांवर पाक तयार होतो. तेरापर्यंत आटवला तर दगड!"

मला तुझा लग्नानंतरचा पहिला वसंत आठवला. आईचा तेराचा आकडा मनात घेऊन तू सरहद्द ओलांडलीस आणि त्यांच्या मापानं तेरा गाठायला बसलीस. तुझ्या सासऱ्यांना छिन्नी-हातोडा घेऊन कढई मोकळी करावी लागली. 'कॅनडाची सून खडीसाखर करते' म्हणून सारा गाव हसला. त्यानंतर तू कधी तेरा लिहिलं नाहीस. दरवर्षी पत्रात अकराच. मी इथं त्यात पाचवा हिस्सा मिळवायचो, तेरा आणि वर थोडं यायचे, आणि म्हणायचो, पोरीचं बरं चाललंय. तू स्वतःबद्दल एरवी कधी काही लिहीत नाहीस. तुझी खुशाली मला त्या बेरजेतून कळायची.

रेजां तोंड वेडावून म्हणाला, "जळलेल्या पाकाला कुणी छान म्हणतं का? म्हातारीनं आपल्या इकडच्या गॅलनात सांगितलंय."

"मला सोपं जावं म्हणून लिहिलं असेल."

"इतकी वर्षं सुचलं नाही, ते हार्टफर्डला निघताना सुचलं? अल्व्हा, तुझं डोकं म्हणजे बुडाला भोक पडलेली बादली आहे!"

तो गेला. मी तीनदा कागद पुढ्यात घेतला आणि ठेवून दिला.

चुकून लिहिलं असशील. म्हातारपणी लहानपणीचे आकडे आपसूक तोंडात येतात. चुकून असेल तर वरचा मजकूर खरा धर आणि वेंडेलबरोबर आनंदानं जा.

चुकून नसेल तर ऐक. मला काही वाटत नाही हे खोटं आहे.

परवा कुंपणाच्या सावलीत उरलेल्या बर्फावर पाक ओतला, लहानपणी ओतायचो तसा. जोडीला लोणच्यातली आंबट काकडी. थिजलेल्या पाकाची पहिली तार तोंडात धरली आणि दात चिकटून बसले. अशा वेळी समोर हसवणारं कुणी तरी लागतं. तुझी वहिनी होती तोवर ती हसवायची. रेजां हसवतो, पण तो फ्रेंचमध्ये. बाकीचा पाक बर्फातच राहिला.

काल मी चुलीमागची खोली रिकामी केली. जिना नाही, ऊब भरपूर, खिडकीतून मेपलची रांग दिसते. पलंग रेजांच्या बायकोनं हलवून दिला, मला हात लावू दिला नाही. तुझं सामान राहील एवढी जागा आहे. कोंबड्या मात्र सरहद्दीवर अडवतील, त्या शेजारी देऊन टाक.

वेंडेल रागावेल. तो राग माझ्यावर ढकल. सांग त्याला, मामा हट्टी आहे, म्हातारा आहे, एकटा आहे. यातलं शेवटचं सांगितलं नाहीस तरी चालेल.

तुझी वाट पाहतोय असं लिहिणार होतो. मग वाटलं, ते वाचून तू मुलाला नीट न सांगताच घाईनं निघशील.

थर्झा, घाईनंच नीघ.

तुझा
अल्व्हादादा