ओल्या शाईची मतं

१२ जून, गुरुवार. सायं. ५.१०
आमच्या मुख्याध्यापिका सुनयना मॅडमनी शाळा संसदेची निवडणूक माझ्याकडे सोपवली. पाचवी ते आठवी, मतदार त्रेचाळीस. म्हणाल्या, "मारुतीराव, हात वर करून घ्या आणि फोटो काढून द्या." हात वर करून! मी हसलो. मनातल्या मनात. मी गेस्ट टीचर आहे, बी.एड. नाही, हे मान्य. पण मतदान केंद्राध्यक्षांचं हँडबुक मी तीनदा वाचलंय. बेळगावात रद्दीत मिळालं, कव्हर नाही. कायदा कव्हरवर नसतो.
संकल्प : संपूर्ण गुप्त मतदान. वर्गात आवाज चढवायचा नाही.

१३ जून
आठवीला 'मताचं मूल्य' शिकवलं. पंचेचाळीस मिनिटं वर्ग एकदम शांत. मागचे दोघं झोपले होते असं नंतर कळलं. तरी शांतता ती शांतताच. आवाज एकदाच चढवला. तो धरायचा नाही, विषय जिव्हाळ्याचा होता.

१४ जून, शनिवार
अर्ज दोन. एक साईराज, आठवी, शाळा समितीचे अध्यक्ष आण्णाप्पा यांचा मुलगा. दुसरी ऋतिका, सातवी. जाहीरनामा मी सक्तीचा केला. साईराजनं लिहिलं, 'सर्वांगीण विकास'. ऋतिकाची एकच ओळ : 'मुलींच्या संडासाचं कुलूप काढून घेणार.' मी तिला 'स्वच्छतागृह' लिहायला लावलं. तिनं मुकाट्यानं लिहिलं.
वस्तुस्थिती : स्वच्छतागृह बांधून दोन वर्षं झाली. टाइल्स, बेसिन, आरसा. घाण होऊ नये म्हणून मॅडम कुलूप लावतात. साहेब आले की उघडतात. मुली उसात जातात, नाहीतर जातच नाहीत. ऋतिका पाण्याची बाटलीसुद्धा आणत नाही. का गं, विचारलं तर म्हणाली, "प्यालं की जावं लागतंय न्हवं, सर."
तिला समजावलं, किल्ली मागायची नसते, निवडून यायचं असतं. निवडून आलेल्या संसदेचा ठराव मुख्याध्यापकांवर बंधनकारक असतो. (हे कुठं वाचलं ते बघायला हवं.) तिचे डोळे चमकले. शिक्षकाला आणखी काय पाहिजे?

१७ जून, मंगळवार
गंभीर प्रकार. मधल्या सुट्टीत पोरं रवळनाथाच्या कट्ट्यावर पंच बसवून आली. गावात बसतात तसेच. पाच पंच, पाचही मुलगे. मुख्य पंच साईराजचा चुलतभाऊ मष्णू. निकाल : साईराज बिनविरोध. ऋतिकानं अर्ज मागं घ्यायचा, नाहीतर तिच्याशी कुणी बोलायचं नाही. मष्णूला म्हटलं, हे घटनाबाह्य आहे. तो म्हणाला, "आमच्या आज्जानं असंच केलतं की सर. आणि ठरलंय म्हटल्यावर मतदान कशाला? कागद वाया."
ऋतिकानं अर्ज मागं घेतला नाही. दिवसभर तिच्याशी कुणी बोललं नाही. शाळा सुटल्यावर मला विचारायला आली, "कुणी कुणाला दिलं ते पंचास्नी कळणार न्हाय न्हवं, सर?" मी म्हटलं, ब्रह्मदेवालासुद्धा नाही. तेवढं ऐकून फाटकापाशी पोरींना सांगत सुटली, "शिक्का मारला की तितंच घडी घाला गं. घट्ट घाला." कुणी उत्तर दिलं नाही. पण ऐकत सगळ्या होत्या.

१९ जून, गुरुवार. सकाळी ६.३०
मतपत्रिका हातानं आखल्या. वर ऋतिका, खाली साईराज, मध्ये बरोब्बर एक मिलिमीटरची रेघ. सरकारी शिक्का असतो तो वाकड्या टोकांच्या फुलीचा. तो कुठून आणणार? बायकोच्या, मंगलच्या, खोबरेलाच्या बाटलीचं टोपण घेतलं. सुंदर गोल उमटतो. फुलीपेक्षा सुबक. मंगल म्हणाली, "शिक्का हाय का बांगडी? आणि ते तेल सांडलंय ते कोण पुसणार, इलेक्शन कमिशन?" पॅड वाळलं होतं, जांभळी शाई अख्खी बाटली ओतली. मतदान चालू असताना शाई कमी पडली असं माझ्या केंद्रावर व्हायला नको.

२० जून, शुक्रवार. दुपारी ४.४५
मतदान शंभर टक्के. रांग, पडदा, बोटाला शाई. मुली शिक्का असा दाबत होत्या की टेबल हलत होतं. मग तिथंच घडी, घडीवर घडी, मुठीत धरून थेट पेटीत. साईराजची पोरं मात्र मत उघडंच फुंकत, मष्णूला दाखवत पेटीपर्यंत आली. दाखवलेलं मत हँडबुकप्रमाणे रद्द होतं. पण मुलं लहान आहेत, उत्साह असतो.
पहिली मोजणी पोरांनीच केली. ऋतिका चोवीस, साईराज एकोणीस. मुलींनी जो ओरडा केला तो मी दोन मिनिटं चालू दिला.
मग मी छाननीला बसलो. नऊ मतपत्रिकांवर दोन-दोन गोल. एक वर, एक खाली. हँडबुक स्पष्ट आहे : दोन खुणा, मत अवैध. ऋतिकाची आठ गेली, साईराजचं एक. साईराज अठरा, ऋतिका सोळा.
ऋतिका टेबलापाशी आली. म्हणाली, "सर, दुसरा गोल फिका हाय. घडीत उमटलाय त्यो. बघा की जरा." मी सांगितलं, कायद्यात गडद-फिकं नसतं. ती नऊच्या नऊ कागद एकेक करून उजेडाला धरून बघत बसली. शेवटी काढून घ्यावे लागले.
माझी नेमणूक दरवर्षी शाळा समितीच्या ठरावानं होते. याचा निकालाशी संबंध नाही. नोंद म्हणून लिहितोय.

२१ जून, शनिवार
मंगलला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बाद झाली ती समदी पोरींचीच कशी वो?" मी म्हटलं, कायदा माणूस बघत नाही. ती म्हणाली, "कायद्याचं ऱ्हाऊ दे. तुम्ही चष्मा घालून बघितलासा का?"
फेरतपासणीला हरकत नव्हती. पण आज योगदिन.

२२ जून, रविवार. सकाळी १०.२०
हँडबुक पुन्हा उघडलं. सहज. एका पानावर शिक्क्याची आकृती आहे. फुलीची टोकं वाकडी का, तर घडीत ती उलटी उमटते आणि खरी कुठली ते चटकन कळतं. खाली दोन ओळी : अशा उमटलेल्या खुणेमुळे मत रद्द करू नये.
हे पान मी वाचलं नव्हतं. ज्यांना मजकूर समजत नाही त्यांच्यासाठी आकृत्या असतात, अशी माझी समजूत. तीनदा वाचलं म्हणजे उरलेलं तीनदा वाचलं.
संकल्प : उद्या पहिल्या तासाला, प्रार्थनेनंतर, सगळ्यांसमोर चूक कबूल. ऋतिका विजयी. चूक मान्य करायला छाती लागते. ती आहे.

२३ जून, सोमवार
पहिला तास गणिताचा होता. दुसऱ्या तासाला मॅडमच्या खोलीत गेलो, तर आण्णाप्पा बसलेले. नारळ, शाल. उठून म्हणाले, "या, या, सर! लई कायद्यानं इलेक्शन घेतलासा. आमच्या पोराचं एक मत बाद केलासा, म्हणजे बघा!" मी तोंड उघडलं. मॅडम म्हणाल्या, विजयी उमेदवाराचा फोटो शुक्रवारीच वर पाठवलाय. अशा वेळी विषय काढणं बरं दिसलं नसतं. शाल घेतली.
संकल्प : उद्या.

२४ जून
नाही.

२५ जून
सर्दी.

३० जून, सोमवार
मंत्रिमंडळ जाहीर. ऋतिकाला मी खास शब्द टाकून स्वच्छतामंत्री केलं. झाली असेल नसेल त्या चुकीची भरपाई झाली. काम : साहेब यायच्या आधी स्वच्छतागृह बाहेरून झाडणे. तिनं विचारलं, "आणि किल्ली?" साईराज म्हणाला, "किल्ली कशाला गं? आत कोण जातंय, आतनं स्वच्छच हाय." हजरजबाबी मुलगा आहे. कुलपाचा ठराव आला नाही, बैठकीची वेळ संपली होती. तिला खुणेनं सांगितलं, पुढच्या वेळी. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. गर्दी होती.

७ जुलै, सोमवार. दुपारी १२
ऋतिकाचे वडील यल्लाप्पा दाखला न्यायला आले. आठवडाभर ती आली नव्हती, ताप असेल असं मी धरून चाललो होतो. यल्लाप्पा म्हणाले, "पोटात दुखतंय म्हणून लोळत होती. दवाखान्याला नेलतो. डॉक्टर म्हणाले, दिवसदिवस पाणी न्हाय, लघवी दाबून धरतीया, इन्फेक्शन झालंय. सर, शाळा शिकायला धाडलीती. हे कशाला?" कुठल्या शाळेत घालणार, विचारलं. "बघू," म्हणाले. "सध्या घरात हाय."
दाखला मला लिहायला दिला. 'शाळा सोडण्याचे कारण' हा रकाना आला. मी पेन थांबवलं. साधारण अर्धं मिनिट. रकाना दोन बोटांचा, त्यात सगळं मावलंही नसतं. मॅडम म्हणाल्या, "पालकांची इच्छा, असं लिहा." लिहिलं. सही झाली, शिक्का बसला.
ऋतिका दारात उभी होती. बापाच्या हातातून कागद घेऊन तिनं तो पूर्ण वाचला. मग आत येऊन हळूच म्हणाली, "सर, आप्पाची इच्छा न्हवती."
मी तिला समजावून सांगितलं की दाखल्यावर खाडाखोड चालत नाही. तिनं मान हलवली. नियम तिला पटकन समजतात.