दाढीतले फोड आणि दौंडचं स्थळ

१६ फेब्रुवारी, सोमवार
स्थळ आलं! दौंडचं. मुलगी शितल, डी.फार्म झालेली, तिथंच एका मेडिकलमध्ये कामाला. माझं वय एकतीस, गुलाबाची शेती, राहणार इनामगाव – एवढं बायोडाट्यात वाचूनही त्यांनी 'या' म्हटलं! दोन वर्षं झाली, शेती म्हटलं की लोक फोनच ठेवतात. रविवारी जायचं.
हनुवटीवर दोन फोड आलेत. सलूनातला वस्तरा लागला असेल. जातील.

१७ फेब्रुवारी
फोड वाढले. शिरूरच्या एका दुकानातनं ट्यूब आणली, दुकानदारानंच काढून दिली. लावली की लाली गायब. झकास!

१९ फेब्रुवारी, गुरुवार
कसलं झकास! उठलो तर गालापर्यंत पसरलंय. पिवळ्या खपल्या, पाणी गळतंय. आईनं तोंड बघितलं आणि लगेच दवाखान्यात पिटाळलं.
शिरूरला डॉक्टरबाईंकडं गेलो. त्यांनी ट्यूब वाचली आणि सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकली. हिच्यात स्टेरॉइड आहे म्हणाल्या – वरची लाली दबते, खाली जंतू वाढत राहतात. अँटिबायोटिक गोळ्या दिल्या, सात दिवसांच्या. टॉवेल वेगळा ठेवायचा, दाढी करायची नाही. मी म्हटलं, रविवारी मुलगी बघायला जायचंय.
"मग दाढीसकट जा."
आईला म्हटलं, पुढं ढकलू या. ती म्हणाली, "ढकललं की गेलंच म्हणून समज. जायाचं."

२१ फेब्रुवारी
उतरलं! खपल्या सुकल्या, ठणका नाही. सकाळी फुलं तोडताना चक्क गाणं म्हणत होतो. संध्याकाळची गोळी घेतली नाही. बरा झालोय की.

२२ फेब्रुवारी, रविवार
कुठनं सुरू करू!
बैठकीत तिचे मामा बबनराव माझ्या हनुवटीवरनं नजर काढेनात. थोड्या वेळानं आम्हा दोघांना गच्चीवर बोलायला पाठवलं. पाठ करून नेलेलं सगळं विसरलो. तिनंच विचारलं, कुठली गोळी चालू आहे? नाव सांगितलं. कोर्स पूर्ण होत आला का?
खोटं बोलवेना. म्हटलं, "काल सोडली. बरं वाटलं म्हणून."
"बरं तुम्हाला वाटलंय. जंतू अजून संपले नसतील. उरलेले परत वाढले तर कदाचित ही गोळी चालायचीसुद्धा नाही."
पाकीट माझ्या खिशातच होतं. ती खाली जाऊन पाणी घेऊन आली आणि समोर उभी राहून मला गोळी घ्यायला लावली. पोह्यांच्या आधी गोळी! दोघांनाही हसू आवरेना. मग तिनं गुलाबावरच्या भुरी रोगाबद्दल विचारलं – काय फवारता, किती दिवसांनी. मी बोलतच सुटलो. खालनं दोनदा हाक आली तेव्हा उठलो.
पसंत आहे. पसंत म्हणजे काय – फारच!

२४ फेब्रुवारी
बबनरावांचा फोन आला. मुलाला कातडीचा रोग आहे, जमणार नाही. आई सांगत होती, "आवो, साधं पुरळ व्हतं, बरं झालंय." त्यांनी ऐकून न घेताच फोन ठेवला. आई गोठ्यात जाऊन बसली.
मी गोळी घेतली.

२६ फेब्रुवारी, गुरुवार
अनोळखी नंबरवरनं मेसेज. तसाच उतरवून ठेवतो – "मी शितल. नकार मामाचा होता, मला कुणी विचारलंच नव्हतं. काल बाबांशी बोलले. रविवारी आम्ही दोघं तुमच्याकडं येतोय."